रॅम आठ एमबी, तरी 'मेमरी पुरत नाही': डॉसच्या मशीनवर परत परत येणारा दोष

लक्षण असं. मशीन नीट सुरू होतं, सी प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची जागा) येतो, माउस चालतो, सीडी दिसते. पावत्यांचा किंवा हिशेबाचा प्रोग्राम चालू केला की 'प्रोग्राम टू बिग टू फिट इन मेमरी' एवढी एक ओळ येते आणि परत प्रॉम्प्ट. काही प्रोग्राम उघडतात, पण रिपोर्ट छापायला घेतला की 'नॉट इनफ मेमरी' म्हणून मधेच बाहेर पडतात. कुणीतरी येऊन काहीतरी करतं, थोडे दिवस बरं चालतं, आणि एखाद्या सकाळी कारकुनाचा फोन येतो: "परत तेंच रे!"

हे ज्या मशीनवरून लिहितोय ते फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानच्या कचेरीतलं आहे. ४८६ प्रोसेसर, आठ एमबी रॅम, एमएस-डॉस ६.२२ ही जुनी, आज्ञा टाइप करून चालवायची ऑपरेटिंग सिस्टम, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि कुणीतरी फार पूर्वी क्लिपर या डेटाबेसच्या भाषेत लिहून दिलेला पावत्यांचा प्रोग्राम. अभिषेक, सत्यनारायण, पालखी, महाजनांची (देवस्थानच्या सभासदांची) वर्गणी, सगळं त्यातच. लिहून देणारा आता सापडत नाही. नवीन पद्धत आणायची तर महाजनांच्या सभेत ठराव व्हायला हवा, तोवर हेच चालवायचं. तुमच्याकडचं मशीन खाणीच्या वजनकाट्यावरचं असो की काजूच्या कारखान्यातलं, दोष हाच असेल तर उपायही हाच.

आधी रॅमचा विचार डोक्यातून काढा

'मेमरी पुरत नाही' वाचलं की माणूस रॅम शोधायला निघतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सगळं मिळतं म्हणतात, पण चालणारी जुनी सिम, म्हणजे रॅमची पट्टी, मिळायची नाही, आणि मिळाली तरी हा दोष जायचा नाही. कमी पडते ती रॅम नव्हे, पहिल्या ६४० केबीतली जागा. ती आठ एमबीच्या मशीनवर जेवढी, तेवढीच चौसष्ट एमबीच्या मशीनवर.

याचं मूळ १९८१ सालच्या आयबीएम पीसीत आहे. त्यातला ८०८८ प्रोसेसर पत्ते मोजायला २० तारा वापरायचा. त्यातून १०,४८,५७६ बाइट मोजता येतात, म्हणजे बरोबर एक एमबी. रजिस्टर मात्र १६ बिटांचे, म्हणून पत्ता दोन भागांत लिहायचा: सेगमेंटला १६ ने गुणायचं आणि त्यात ऑफसेट मिळवायचा. या एका एमबीतले खालचे ६४० केबी आयबीएमने प्रोग्रामांना दिले, वरचे ३८४ केबी पडदा, कार्डं आणि बायॉस (मशीन सुरू करणारा, चिपमध्येच बसवलेला प्रोग्राम) यांच्यासाठी राखून ठेवले. डॉस त्यावर बेतलं गेलं आणि प्रोग्राम डॉसवर. पुढे ३८६ आला, ४८६ आला, पण डॉसचा साधा प्रोग्राम त्या ६४० केबीतून बाहेर पडला नाही.

खालून वर जाताना रचना अशी दिसते. पत्ते सेगमेंटमध्ये, सोळाच्या पद्धतीने (हेक्साडेसिमल) लिहिलेले आहेत; तिच्यात ९ च्या पुढे ए ते एफ हे आणखी सहा अंक असतात.

०००० : पहिले १०२४ बाइट इंटरप्टांचं कोष्टक (२५६ नोंदी, प्रत्येकी चार बाइट), त्यावर बायॉसची टिपणं, मग डॉस, ड्रायव्हर (माउस, सीडी असे भाग चालवणारे छोटे प्रोग्राम) आणि आपला प्रोग्राम
ए००० ते एएफएफएफ : ग्राफिक्स
बी००० ते बी७एफएफ : एकरंगी पडद्याचा मजकूर
बी८०० ते बीएफएफएफ : रंगीत पडद्याचा मजकूर
सी००० ते सी७एफएफ : व्हीजीए कार्डाचा स्वतःचा रॉम
सी८०० ते ईएफएफएफ : इतर कार्डांसाठी, बऱ्याच मशीनवर रिकामाच
एफ००० ते एफएफएफएफ : मुख्य बायॉस

यादीत वरून सहाव्या ओळीकडे बघा, सी८०० ते ईएफएफएफ. १६० केबीचा हा पट्टा बहुतेक ठिकाणी ओस पडलेला असतो. तिथे पत्ते आहेत, पण पत्त्यांमागे रॅम नाही. ३८६ आणि त्यापुढच्या प्रोसेसरवर ईएमएम३८६ हा ड्रायव्हर वरच्या रॅममधला तुकडा उचलून या पत्त्यांमागे उभा करतो. त्यालाच अप्पर मेमरी ब्लॉक, यूएमबी, म्हणायचं. माउस, सीडी, कॅश असले ड्रायव्हर त्यात चढवले की खालची जागा प्रोग्रामला मोकळी होते. आपली सगळी खटपट एवढ्यासाठीच.

एक एमबीच्या लगेच वर आणखी एक सोय आहे. एफएफएफएफ हा शेवटचा सेगमेंट धरून ऑफसेट वाढवत नेला की पत्ता एक एमबी ओलांडून ६५,५२० बाइट पुढे जातो. २८६ पासून तारा वाढल्या म्हणून तिथे खरी रॅम सापडते. हा हाय मेमरी एरिया, एचएमए, आणि डॉस स्वतःचा बराचसा भाग तिथे नेऊन ठेवू शकतं. पण जुन्या प्रोसेसरवर पत्ता टोकाला गेला की गुंडाळून शून्यावर यायचा आणि काही प्रोग्राम त्यावर विसंबून होते. म्हणून १९८४ च्या आयबीएम एटीमध्ये एकविसावी तार, ए२०, हवी तेव्हा बंद ठेवायची सोय केली, आणि ती कीबोर्ड कंट्रोलरच्या एका पायाला जोडली. कीबोर्डचा आणि मेमरीचा काय संबंध असं विचारू नका. पाय रिकामा होता, एवढाच. एक एमबीच्या वरची रॅम सांभाळणारा हायमेम.सिस हा ड्रायव्हर सुरू होताना ए२० ची तक्रार करत असेल तर तो याच तारेबद्दल बोलत असतो, आणि त्याच्या ओळीत /मशीन: लावून दुसरा क्रमांक दिला की बहुतेक वेळा गप्प होतो.

राहता राहिली एक्स्टेंडेड आणि एक्स्पांडेड. नावं सारखी असल्यामुळे निम्मा गोंधळ इथूनच होतो. एक्स्टेंडेड म्हणजे एक एमबीच्या वरची सरळसोट रॅम, हायमेम.सिस ती सांभाळतो. एक्स्पांडेड, म्हणजे ईएमएस, ही लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९८५ मध्ये काढलेली युक्ती. अप्पर मेमरीत ६४ केबीची एक खिडकी ठेवायची, तिचे १६ केबीचे चार भाग करायचे, आणि मोठ्या साठ्यातली हवी ती पानं आळीपाळीने त्या खिडकीत आणायची. तेव्हा यासाठी वेगळं कार्ड लागायचं. ३८६ वर ईएमएम३८६ त्याची नक्कल करतो. पण खिडकीला जागा लागतेच, आणि ती आपल्या १६० केबीतूनच जाते. पुढचा सगळा घोटाळा या ६४ केबीचा आहे.

मेम /सी काय सांगतो

अंदाज करत बसू नका. प्रॉम्प्टवर 'मेम /सी /पी' द्या. (कमांड इथे देवनागरीत आहेत, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायच्या.) कोण किती जागा घेऊन बसलंय ते खालच्या आणि वरच्या मेमरीत वेगवेगळं दाखवतो. शेवटी 'लार्जेस्ट एक्झिक्यूटेबल प्रोग्राम साइज' असं लिहिलेलं येतं. कामाचा आकडा तोच. वरच्या एकूण बेरजांकडे बघून फायदा नाही.

देवस्थानच्या मशीनवर, पावत्या बंद पडलेल्या असताना, खालच्या मेमरीत हे होतं:

एमएसडॉस १७ केबी
हायमेम १ केबी
ईएमएम३८६ ३ केबी
कमांड ३ केबी
स्मार्टड्राइव्ह (डिस्कची कॅश) २८ केबी
एमएससीडीईएक्स (सीडीसाठी) ३६ केबी
माउस १७ केबी

बेरीज १०५. प्रोग्रामला उरले ५३५ केबी, आणि त्याला ५६० च्या आसपास लागतात. कॉन्फिग.सिस आणि ऑटोएक्झेक.बॅट, या मशीन सुरू होताना चालणाऱ्या दोन फाइली, उघडून पाहिल्या तर हायमेम होता, 'डॉस=हाय,यूएमबी' होतं, डिव्हाइसहाय आणि लोडहाय (वर चढवायच्या आज्ञा) सगळीकडे होतं. म्हणजे लिहिणाऱ्याने सगळं वर चढवायला सांगितलेलं, आणि निम्मं सामान खाली. वर होता फक्त सीडीचा २५ केबीचा ड्रायव्हर.

मग 'मेम /एफ' दिला. मोकळी जागा कुठे आणि किती, ते तो तुकड्या-तुकड्याने सांगतो. अप्पर मेमरीचे दोन तुकडे निघाले. पहिल्यात सीडीचा ड्रायव्हर बसून थोडीशी जागा शिल्लक होती. दुसरा जवळजवळ ६४ केबीचा, पूर्ण रिकामा. खाली जागेसाठी मारामारी, आणि वर ६४ केबी ओस.

उत्तर ऑटोएक्झेक.बॅटमध्ये होतं. प्रत्येक लोडहायच्या पुढे '/एल:१' आणि कुठे कुठे '/एस' लिहिलेलं. हे हाताने कुणी लिहीत नाही, ही मेममेकरची, म्हणजे डॉससोबत येणाऱ्या मेमरी-मांडणीच्या प्रोग्रामची, सही. त्याने कधीतरी हिशेब करून ठरवलं होतं की सगळं सामान पहिल्या तुकड्यात बसतं. तेव्हा ते खरंही होतं: ईएमएम३८६ च्या ओळीत 'नोईएमएस' होतं, खिडकी नव्हती, आणि सी८०० ते ईएफएफएफ हा एकच अखंड तुकडा होता, वापरायला साधारण १५५ केबी. नंतर कुणीतरी 'नोईएमएस' खोडून 'रॅम' लिहिलं. खिडकी आली आणि डी००० वर मधोमध बसली. खाली ३२ केबी उरले, वर ६४. पण ओळी अजून 'पहिल्या तुकड्यात जा' हेच सांगत होत्या. दिलेल्या तुकड्यात सामान बसलं नाही तर डॉस दुसऱ्या तुकड्यात बघत नाही. मुकाट्याने खाली टाकतं. चूक झाली असा एक शब्दही पडद्यावर येत नाही.

बदल कुणी केला, आणि तो का करणारच

त्या कचेरीत त्याच मशीनवर पंचांग-पत्रिकेचा एक प्रोग्राम आहे. गुरुजी तो वापरतात, आणि चवथीच्या आधी जरा जास्तच. त्या प्रोग्रामला एक्स्पांडेड मेमरी हवी. नसली तर तो उघडतच नाही. म्हणून गुरुजींच्या बाजूने कुणीतरी 'रॅम' लिहून जातं. पत्रिका चालू होते, पावत्या बंद पडतात. मग कारकुनाच्या बाजूने कुणीतरी येऊन 'नोईएमएस' करतं. पावत्या चालू, पत्रिका बंद. मधेच कुणीतरी मेममेकर चालवतं आणि त्या त्या दिवसाचे आकडे ओळींत कायम करून जातं.

दोघांचंही बरोबरच आहे. एका प्रोग्रामला खालची जागा हवी, दुसऱ्याला खिडकी हवी, आणि दोघांसाठी फाइल मात्र एकच. तुमच्याकडे पत्रिकेच्या जागी एखादा गेम असेल, जुनी स्प्रेडशीट असेल. हा दोष परत परत येतो त्यामागे नव्वद टक्के असंच काहीतरी असतं. म्हणून आज ओळ बदलून पावत्या चालू करून देण्यात अर्थ नाही. दोन्ही मांडण्या एकाच फाइलीत ठेवा आणि मशीन सुरू होताना विचारायला लावा. डॉस ६ पासून ही सोय आत आहेच, फक्त फारसं कुणी वापरत नाही.

कॉन्फिग.सिस अशी केली:

[मेनू]
मेनूआयटम=पावती, पावत्या आणि हिशेब
मेनूआयटम=पत्रिका, पंचांग आणि पत्रिका
मेनूडिफॉल्ट=पावती,१०

[कॉमन]
डिव्हाइस=सी:\डॉस\हायमेम.सिस
डॉस=हाय,यूएमबी
फाइल्स=६०
बफर्स=२०

[पावती]
डिव्हाइस=सी:\डॉस\ईएमएम३८६.ईएक्सई नोईएमएस

[पत्रिका]
डिव्हाइस=सी:\डॉस\ईएमएम३८६.ईएक्सई रॅम फ्रेम=ई०००
डिव्हाइसहाय=(सीडीचा ड्रायव्हर, जसा होता तसा)

[कॉमन]

शेवटचा रिकामा [कॉमन] विसरून राहिलेला नाही, मुद्दाम ठेवलाय. पुढे कुठलाही इन्स्टॉल प्रोग्राम आला की तो आपली ओळ फाइलीच्या तळाला चिकटवतो. तळाला [पत्रिका] असेल तर नवीन ड्रायव्हर फक्त पत्रिकेच्या वेळी चालेल आणि 'कधी चालतं, कधी नाही' असा नवाच दोष घेऊन लोक तुमच्याकडे येतील.

ऑटोएक्झेक.बॅटमध्ये 'गोटू %कॉन्फिग%' ही ओळ घालायची आणि त्याच नावांची दोन लेबलं करायची. मेनूत निवडलेलं नाव डॉस 'कॉन्फिग' या व्हेरिएबलमध्ये ठेवतं, त्यामुळे बॅच फाइल आपोआप त्या वाटेने जाते.

:पावती
लोडहाय सी:\डॉस\स्मार्टड्राइव्ह.ईएक्सई
लोडहाय सी:\माउस\माउस.कॉम
गोटू शेवट
:पत्रिका
लोडहाय सी:\डॉस\एमएससीडीईएक्स.ईएक्सई (आधीचेच पर्याय)
लोडहाय सी:\माउस\माउस.कॉम
:शेवट

सगळे '/एल' आणि '/एस' काढून टाकलेत ते लक्षात आलं असेल. मेममेकर वाईट नाही, आणि पस्तावलात तर 'मेममेकर /अंडू' ने मागे जाता येतं. पण त्याचे आकडे त्या घडीच्या मांडणीपुरते खरे असतात. ज्या मशीनला चार हात लागतात तिथे ते आकडे लिहून ठेवणं मला पटत नाही. '/एल' नसला की डॉस स्वतःच सगळ्यात मोठा मोकळा तुकडा शोधतं आणि तिथे बसवतं.

दुसरी गोष्ट, पावतीच्या वाटेवर सीडी नाहीच. अभिषेकाच्या पावतीला सीडी कशाला हवी? ड्रायव्हरचे २५ आणि एमएससीडीईएक्सचे ३६ असे ६१ केबी कुठे चढवायचे, हा प्रश्नच उरत नाही. 'वर कसं चढवू' या आधी 'हे लागतं का' हे विचारत चला.

या मांडणीनंतर पावतीच्या वाटेवर खालच्या मेमरीत फक्त डॉसचा १७ केबीचा भाग, हायमेम, ईएमएम३८६ आणि कमांड राहिले. प्रोग्रामला ६१६ केबी मिळाले.

सामान बरंच असेल तर क्रमही बघा. ड्रायव्हर बसल्यावर जेवढी जागा घेतो त्यापेक्षा बसताना जास्त मागतो. म्हणून मोठा ड्रायव्हर आधी, लहान नंतर. रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीत मोटारी आधी घेतात आणि स्कूटर मग फटींतून घुसवतात, तसंच. उलट केलंत तर शेवटचा मोठा धक्क्यावरच राहतो.

आणि हे सगळं करूनही 'मेम /सी' मध्ये एमएसडॉस १७ ऐवजी ६० केबीच्या आसपास दिसला, तर डॉस एचएमएत गेलेलंच नाही. 'डॉस=हाय' ची ओळ उडालीय, किंवा हायमेम चढलेला नाही. बफर्सचा आकडा उगाच मोठा करू नका. एचएमएत मावेनासे झाले की सगळे बफर खाली येतात, प्रत्येकी अर्ध्या केबीहून थोडे जास्त.

वर चढवल्यावर मशीन गोठत असेल तर

कचेरीत नंतर दोन मशीन जोडायची ठरली आणि कुणाकडून तरी मिळालेलं जुनं नेटवर्क कार्ड बसवलं. मशीन सुरू व्हायचं, नेटवर्कचा ड्रायव्हर चढायचा, आणि दुसऱ्या मशीनवरची फाइल उघडली की पडदा जागच्या जागी थिजायचा. कंट्रोल-ऑल्ट-डिलीटलाही दाद नाही.

काही कार्डं फक्त पोर्टवरून बोलतात. एनई२००० त्यातलं, त्याचा अप्पर मेमरीशी संबंध नाही. पण काही कार्डांवर स्वतःची छोटी रॅम असते आणि ती सी८०० ते ईएफएफएफ याच पट्ट्यात कुठेतरी दिसते. ईएमएम३८६ सुरू होताना पट्टा तपासतो, रॉम सापडला तर तेवढी जागा सोडतो. कार्डाची रॅम मात्र कार्डाचा ड्रायव्हर चालू होईपर्यंत झोपलेली असते. ईएमएम३८६ ला ती जागा रिकामी वाटते आणि तो तिथे माउस नाहीतर स्मार्टड्राइव्ह बसवून मोकळा होतो. मग कार्ड जागं होतं, आणि एकाच पत्त्यावर दोघं.

खात्री करायची तर ईएमएम३८६ च्या ओळीत 'एक्स=ए०००-एफ७एफएफ' घाला. सगळा पट्टा वगळला जातो आणि अप्पर मेमरी अजिबात मिळत नाही. गोठणं थांबलं तर टक्कर याच पट्ट्यात आहे. मग वगळलेला भाग निम्म्याने कमी करत जा आणि जागा गाठा. कार्डाचा कागद हाताशी असेल तर एवढं करायलाच नको, त्यावर पत्ता छापलेला असतो. आमचं कार्ड डी००० वर होतं आणि १६ केबी घेत होतं. 'एक्स=डी०००-डी३एफएफ' दोन्ही वाटांवर घातलं आणि गोठणं गेलं. पत्रिकेच्या वाटेवर 'फ्रेम=ई०००' आधीच दिलेलं असल्यामुळे खिडकीची आणि कार्डाची गाठ पडली नाही.

बी००० ते बी७एफएफ हा एकरंगी पडद्याचा ३२ केबीचा पट्टा रंगीत पडद्यावर वापरात नसतो आणि 'आय=बी०००-बी७एफएफ' लिहून तोही घेता येतो. मी तो शेवटच्या गरजेसाठी ठेवतो. काही एसव्हीजीए ड्रायव्हर तिकडे डोकावतात, आणि विंडोज ३.१ चालवत असाल तर मोनोयूएमबी.३८६ ही फाइल सिस्टम.आयएनआयमध्ये जोडावी लागते. देवनागरीसाठी जिस्ट कार्ड बसवलेलं असेल तर पडद्याच्या पट्ट्यांना हात लावू नका आणि कार्डाचे पत्ते आधी कागदावरून तपासा.

या सगळ्या प्रयोगांत मशीन सुरू होतानाच अडकलं तर घाबरायचं कारण नाही. 'स्टार्टिंग एमएस-डॉस' दिसताच एफ५ दाबला की दोन्ही फाइली वगळल्या जातात. एफ८ दाबला की एकेक ओळ विचारून चालते. कुठली ओळ गळा धरतेय ते तिथेच कळतं.

जागा खूप झाली म्हणून अडणारा प्रोग्राम

हा प्रकार ज्याने पाहिला नाही त्याला खरा वाटत नाही. सगळं वर चढवलं, सहाशेच्या वर केबी मोकळे झाले, आणि कालपर्यंत चालणारा एखादा जुना छोटा प्रोग्राम म्हणतो: 'पॅक्ड फाइल इज करप्ट'. फाइल खराब नाही. एक्झीपॅकने आवळलेले काही प्रोग्राम स्वतःला उलगडताना पत्ता टोकाला गुंडाळून शून्यावर येईल असं धरून चालतात. पूर्वी डॉस आणि ड्रायव्हरच तळाचे ६४ केबी भरून टाकायचे, त्यामुळे प्रोग्राम त्याच्या वरच बसायचा आणि हे कधी उघडकीला यायचं नाही. आता तळ रिकामा, प्रोग्राम पहिल्या ६४ केबीत येतो, ए२० तार चालू असल्यामुळे पत्ता गुंडाळत नाही, आणि उलगडणं फसतं. प्रोग्रामच्या नावाआधी 'लोडफिक्स' लिहा, तो पहिल्या ६४ केबीच्या वर बसतो. बॅच फाइलीत एकदा लिहून टाकलं की झालं.

खरोखर रॅमचाच दोष असेल तेव्हा

पावसाळ्यात असतो. जूनपासून इथली हवा कशी असते ते सांगायला नको. सिमच्या पट्टीचे आणि खाचेचे संपर्क काळे पडतात, आणि सुरुवातीला रॅम मोजताना आकडा आठ एमबीच्या आधीच थांबतो. किंवा हायमेम सांगतो की अमुक पत्त्यावरची एक्स्टेंडेड मेमरी भरवशाची नाही. डॉस ६.२ पासून तो सुरू होताना मेमरी तपासतो, म्हणून हे कळतं. ती तपासणी वेळ खाते म्हणून काहीजण '/टेस्टमेम:ऑफ' लिहून बंद करतात. आपल्याकडे पावसाचे चार महिने तरी चालू ठेवा. पट्टी काढून पितळी-सोनेरी कडा साध्या खोडरबराने पुसा, भुगा झटकून परत घट्ट बसवा. मशीन उघडलंच आहे तर बोर्डवरची गोल बॅटरी गळतेय का तेही बघून घ्या. तिचा हिरवट क्षार बोर्डवरच्या बारीक रेषा खाऊन टाकतो.

आणखी एक बारीक गोष्ट. मेमने एकूण कन्व्हेन्शनल ६४० ऐवजी ६३९ दाखवली तर चिंता नको. बऱ्याच बायॉसना वरच्या टोकाचा एक केबी स्वतःच्या टिपणांसाठी लागतो. पण जे मशीन कालपर्यंत ६४० दाखवत होतं ते आज ६३८ दाखवू लागलं, आणि मधल्या काळात कुणाची तरी फ्लॉपी लावून ते सुरू झालं असेल, तर बूट सेक्टरमधला व्हायरस तपासा. स्टोन्ड आणि मायकेलअँजेलो हे दोघेही असेच दोन केबी कापून तिथे लपायचे.

हेच प्रोग्राम तुम्ही नव्या मशीनवर फ्रीडॉसमध्ये चालवत असाल तर हायमेमच्या जागी हायमेमएक्स आणि ईएमएम३८६ च्या जागी जेईएमएम३८६ असतो, आणि फाइलीचं नाव एफडीकॉन्फिग.सिस. पत्त्यांची रचना तीच, त्यामुळे 'एक्स=' आणि 'नोईएमएस' तिथेही लागू. डॉसबॉक्समध्ये कॉन्फिग.सिसच नाही. त्याच्या सेटिंग फाइलीतल्या [डॉस] भागात एक्सएमएस (एक्स्टेंडेड), ईएमएस आणि यूएमबी अशा तीन ओळी असतात, त्या चालू-बंद करून बघायच्या. लोडफिक्स तिथेही आहे.

एवढं करूनही अडलं तर 'मेम /सी > सी:\एक.टीएक्सटी' आणि 'मेम /एफ > सी:\दोन.टीएक्सटी' असं करून दोन्ही फाइली, कॉन्फिग.सिस आणि ऑटोएक्झेक.बॅट फ्लॉपीवर घ्या आणि मशीनमध्ये कुठली कार्डं आहेत ते लिहून सोबत द्या. फोनवरून 'मेमरी नाही म्हणतंय' एवढ्यावर कुणालाच काही सांगता येत नाही.